कमी आकड्यांचे ग्राफिक्स कार्ड पुढे कसे जाते? आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० यांची तुलना

दोन ग्राफिक्स कार्डांचे तपशील शेजारी शेजारी ठेवले, की बहुतेक जण एकेक ओळ वाचत जातात आणि ज्या बाजूला आकडा मोठा, त्या बाजूला मनातल्या मनात एक गुण देतात. एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या दोन कार्डांना ही पद्धत लावली, तर जुने कार्ड सहज जिंकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० मध्ये ३,५८४ कुडा कोअर आहेत, तर जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० मध्ये ३,०७२. जुन्या कार्डावर १२ जीबी मेमरी आहे, नव्यावर ८ जीबी. मेमरीकडे जाणारा मार्ग जुन्यात १९२ बिटांचा आहे, नव्यात १२८ बिटांचा. त्या मार्गाने दर सेकंदाला जुन्यात ३६० जीबी माहिती जाऊ शकते, नव्यात २७२ जीबी. आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या लेन जुन्यात १६ आहेत, नव्यात ८. एवढ्या ओळींमध्ये मागे असूनही १९२० बाय १०८० रिझोल्यूशनवर बहुतेक गेममध्ये ४०६० हेच कार्ड सुमारे पंधरा ते वीस टक्के पुढे राहते, आणि तेही १७० वॅटऐवजी ११५ वॅटच्या मर्यादेत.

ही विसंगती नीट उलगडली, तर कोणत्याही दोन कार्डांची तुलना करता येते. तक्त्यातली कोणतीही ओळ एकटी बोलत नाही. प्रत्येक आकडा दुसऱ्या कोणत्या तरी आकड्याशी बांधलेला असतो, आणि आपले काम त्यांपैकी नेमके कोठे अडते यावरून निकाल ठरतो.

सुरुवात कोअरपासून करू. ग्राफिक्स चिपमधला कोअर हा आकडेमोड करणारा एक छोटा घटक असतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करू शकतो, म्हणून एकूण क्षमता काढायची, तर कोअरची संख्या, दोन आणि घड्याळाचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो. ३०६० चा कंपनीने दिलेला बूस्ट वेग, म्हणजे कामाच्या भारात गाठायचा वाढीव घड्याळवेग, १,७७७ मेगाहर्ट्झ आहे, ४०६० चा २,४६० मेगाहर्ट्झ. गुणाकार केल्यावर जुन्याची क्षमता सुमारे १२.७ टेराफ्लॉप येते आणि नव्याची सुमारे १५.१ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अनुक्रमे १२.७ आणि १५.१ लाख कोटी क्रिया. कोअर सुमारे १४ टक्क्यांनी कमी आहेत, पण प्रत्येक कोअर जवळजवळ ३८ टक्के अधिक वेगाने चालतो, त्यामुळे बेरजेत नवे कार्ड १९ टक्क्यांच्या आसपास पुढे जाते. गेममध्ये दिसणारा फरकही साधारण एवढाच असतो.

वेगातली ही वाढ चिप घडवण्याच्या पद्धतीतून आली. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली आणि ४०६० ची तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ४एन नावाच्या प्रक्रियेवर. जुन्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे २७६ चौरस मिलिमीटर असून तिच्यात सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. नव्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे १५९ चौरस मिलिमीटर, आणि ट्रान्झिस्टर सुमारे १,८९० कोटी. ट्रान्झिस्टर लहान झाले, की ते कमी विजेवर आणि अधिक वेगाने उघडझाप करू शकतात. म्हणून कमी वॅटमध्ये अधिक घड्याळवेग मिळाला.

टेराफ्लॉपचा आकडा इतका नेमका जुळला, म्हणून सगळीकडे तोच लावावा असे मात्र नाही, आणि इथे फार सावध राहिले पाहिजे. आरटीएक्स २०८० टीआय आणि आरटीएक्स ३०७० ही जोडी पाहा. पहिल्याची क्षमता सुमारे १३.४ टेराफ्लॉप आहे, दुसऱ्याची सुमारे २०.३, कागदावर फरक पन्नास टक्क्यांचा, पण गेममध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीने चालतात. कारण रचनेत आहे. २०८० टीआयच्या ट्युरिंग पिढीत प्रत्येक गणनसमूहात अपूर्णांकांच्या आकडेमोडीसाठी ६४ कोअर होते आणि पूर्णांकांच्या आकडेमोडीसाठी वेगळे ६४ घटक होते. त्यानंतरच्या अँपिअर पिढीत त्या पूर्णांकांच्या घटकांनाही अपूर्णांकांची आकडेमोड शिकवली गेली आणि मग सर्व १२८ घटक कोअर म्हणून मोजले जाऊ लागले. मात्र गेमच्या गणितात पूर्णांकांच्या क्रिया काही संपत नाहीत, आणि त्या आल्या, की त्या अर्ध्या भागाला अपूर्णांकांचे काम बाजूला ठेवावे लागते. तक्त्यात कोअर दुप्पट दिसले, प्रत्यक्षातली वाढ त्याहून कमी राहिली.

३०६० अँपिअर पिढीचे आणि ४०६० त्यानंतरच्या एडा लव्हलेस पिढीचे आहे, आणि या दोन पिढ्यांत कोअर मोजण्याची व वापरण्याची ही व्यवस्था सारखीच राहिली, म्हणूनच इथे टेराफ्लॉपची तुलना टिकते. दुसऱ्या कंपनीचे कार्ड समोर आले, तर ती पुन्हा ढासळते. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७६०० या कार्डाची कागदी क्षमता सुमारे २१.५ टेराफ्लॉप आहे, पण रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याची पद्धत) नसलेल्या गेममध्ये ते १५.१ टेराफ्लॉपच्या ४०६० च्या आसपासच राहते, कारण त्याच्या रचनेत एका ठोक्याला दोन सूचना एकदम चालवण्याची जी क्षमता मोजलेली आहे, ती प्रत्यक्ष कामात क्वचितच पूर्ण वापरता येते. थोडक्यात, टेराफ्लॉप हा एकाच घराण्यातल्या जवळच्या पिढ्यांपुरता उपयोगी आकडा आहे.

आता मेमरीकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. कोअर कितीही वेगवान असले, तरी त्यांना माहिती वेळेवर मिळाली नाही, तर ते रिकामे बसतात. माहितीचा हा प्रवाह म्हणजे बँडविड्थ. ती काढण्याचे सूत्र सोपे आहे: मार्गाची रुंदी बिटांमध्ये घ्यावी, आठने भागून बाइट करावेत आणि मेमरीच्या वेगाने गुणावे. ३०६० मध्ये १९२ भागिले ८ म्हणजे २४, गुणिले १५ गिगाबिट, असे ३६० जीबी प्रति सेकंद येतात. ४०६० मध्ये १२८ भागिले ८ म्हणजे १६, गुणिले १७, म्हणजे २७२. मेमरी थोडी वेगवान घेऊनही अरुंद मार्गाची भरपाई झालेली नाही. मग अधिक वेगाने चालणाऱ्या कोअरची भूक भागते कशी?

याचे उत्तर ज्या ओळीत आहे, ती ओळ दुकानांच्या तक्त्यांत बहुधा छापलेलीच नसते. चिपच्या आतच असलेली दुसऱ्या स्तराची कॅश मेमरी ३०६० मध्ये ३ एमबी आहे आणि ४०६० मध्ये २४ एमबी, म्हणजे आठपट. सुतार ज्या हत्यारांची पुन्हा पुन्हा गरज पडते, ती हाताशी बाकावर ठेवतो आणि बाकीची आतल्या खोलीत. बाक मोठा असेल, तर आतल्या खोलीत खेपा कमी होतात आणि खोलीचे दार अरुंद असले तरी फारसे अडत नाही. कॅश हे तसेच काम करते. जी माहिती कॅशमध्ये सापडते, तिच्यासाठी बाहेरच्या मेमरीपर्यंत जावेच लागत नाही. या बचतीचा हिशेब धरून एनव्हिडियाने ४०६० ची परिणामी बँडविड्थ सेकंदाला ४५३ जीबी इतकी सांगितली. तो कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे आणि प्रत्येक कामात तो खरा ठरेल असे मुळीच नाही, पण त्यामागचे तत्त्व खरे आहे.

या तत्त्वाची मर्यादाही त्याच आकड्यांत दिसते. १९२० बाय १०८० रिझोल्यूशनच्या एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले, तर ते चित्र सुमारे ८.३ एमबी होते. ३८४० बाय २१६० म्हणजे ४के रिझोल्यूशनवर पिक्सेल बरोबर चौपट होतात आणि तेच चित्र सुमारे ३३ एमबी होते. गेम प्रत्यक्षात खोली, प्रकाश, हालचाल यांसाठी अशी अनेक मधली चित्रे एकाच वेळी सांभाळत असतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. लहान रिझोल्यूशनवर कामाचा बराच भाग २४ एमबीच्या कॅशमध्ये मावतो. रिझोल्यूशन वाढत गेले, की तो मावेनासा होतो, बाहेरच्या मेमरीकडे खेपा वाढतात आणि मग २७२ जीबीचा अरुंद मार्ग जाणवू लागतो. म्हणून ४०६० ची आघाडी १०८० वर चांगली असते आणि रिझोल्यूशन वाढवल्यावर आक्रसते.

बँडविड्थ आणि मेमरीची क्षमता या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. बँडविड्थ कमी असली, तर काम सर्वत्र थोडे थोडे मंदावते. क्षमता मात्र पुरेशी असेपर्यंत काहीच फरक पडत नाही. अर्धी मेमरी रिकामी राहिली, म्हणून गेम वेगाने चालत नाही. पण ज्या क्षणी गरज क्षमतेच्या पलीकडे जाते, त्या क्षणी घसरण एकदम होते. कार्डावर न मावलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवली जाते आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने आणली जाते. ४०६० च्या ८ लेन पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी वाहतात. मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा असेल, तर सुमारे ८ जीबी. २७२ वरून १६ वर किंवा ८ वर येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्यांचा मदरबोर्ड जुना आहे, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी, कारण ३०६० च्या १६ लेन अशा मदरबोर्डावरही सुमारे १६ जीबी टिकवतात, आणि मुळात १२ जीबी मेमरीमुळे ती वेळ त्याच्यावर उशिरा येते.

२०२३ पासून आलेल्या काही मोठ्या गेममध्ये टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची) गुणवत्ता सर्वोच्च ठेवली, की ८ जीबी अपुरे पडते. तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर गेम अधूनमधून अडखळतो, किंवा गेम स्वतःच गुपचूप कमी प्रतीचे टेक्स्चर वापरतो आणि फ्रेमचा, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, आकडा चांगला राहतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण वेग मोजणाऱ्या आलेखात तो दिसतच नाही. दोन्ही कार्डांवरची दृश्ये शेजारी ठेवून पाहावी लागतात.

अडखळण्याचे हे प्रकरण सरासरीत कसे लपते, हे एका छोट्या हिशेबाने दाखवता येईल. समजा एका कार्डाने १,००० फ्रेम काढल्या. त्यांतल्या ९९० फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि १० फ्रेमना प्रत्येकी १०० मिलिसेकंद. एकूण वेळ १०.९ सेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ९२ फ्रेम. दुसऱ्या कार्डाने प्रत्येक फ्रेमला सारखेच १२ मिलिसेकंद घेतले; त्याची सरासरी सुमारे ८३. सरासरीच्या आलेखात पहिले कार्ड पुढे दिसेल. पण त्याच्या सर्वांत मंद एक टक्का फ्रेम सेकंदाला १० या गतीने आलेल्या आहेत, आणि तेवढ्या दहा झटक्यांनी अकरा सेकंदांचा खेळ बिघडतो. म्हणून चांगल्या चाचण्यांत सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा दरही दिलेला असतो. माझ्या मते दोन कार्डांच्या सरासरीत दहा टक्क्यांहून कमी फरक असेल, तर निर्णय या दुसऱ्या आकड्यावरच घ्यावा.

चाचण्या वाचताना सीपीयूचाही विचार करावा लागतो. प्रत्येक फ्रेमची तयारी आधी सीपीयू करतो आणि मग ग्राफिक्स कार्ड ती रंगवते. सीपीयूला एका फ्रेमसाठी १० मिलिसेकंद लागत असतील, तर जगातले कोणतेही कार्ड त्या संगणकावर सेकंदाला १०० फ्रेमच्या वर जाऊ शकणार नाही. अशा स्थितीत दोन्ही कार्डे सारखी दिसतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की त्यांच्यात फरकच नाही. म्हणून कार्डांची तुलना करणारे लोक शक्य तितका वेगवान सीपीयू वापरतात. आपला सीपीयू तेवढा वेगवान नसेल, तर चाचणीत दिसलेला पंधरा-वीस टक्क्यांचा फरक आपल्याकडे तसाच उतरेल असे गृहीत धरू नये.

४०६० च्या जाहिरातीतले सर्वांत मोठे आकडे फ्रेम जनरेशनचे आहेत. त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणे आवश्यक आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्राचा जो भाग कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करतो, तो दोन्ही कार्डांवर चालतो. डीएलएसएस ३ बरोबर आलेले फ्रेम जनरेशन मात्र ४०६० वर चालते आणि ३०६० वर चालत नाही. त्यात खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम तयार करून घातली जाते. पडद्यावरची हालचाल त्याने निश्चितच गुळगुळीत होते. परंतु मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी तयार असावी लागते आणि ती थोडा वेळ रोखून धरावी लागते, त्यामुळे माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम निघत असतील, तर आकडा ६० च्या जवळ दिसला तरी हाताला ३० चाच जडपणा जाणवेल. शिवाय या तंत्राला स्वतःलाही मेमरी लागते, आणि ८ जीबीच्या कार्डावर नेमकी तीच तोकडी असते. एका कार्डाचा फ्रेम जनरेशनसह आकडा दुसऱ्याच्या साध्या आकड्याशेजारी ठेवणे ही तुलना मला अप्रामाणिक वाटते.

गेमच्या बाहेर पडल्यावर क्रम कामागणिक बदलतो. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये दृश्य ८ जीबीत मावत असेल, तोवर ४०६० स्पष्टपणे पुढे असते. व्हिडिओचे काम करणाऱ्यांसाठी ४०६० मध्ये एव्ही१ प्रकारात व्हिडिओ बनवण्याची खास व्यवस्था आहे. ३०६० एव्ही१ व्हिडिओ दाखवू शकते, पण त्या व्यवस्थेने तो बनवू शकत नाही.

भाषा-मॉडेल आपल्याच संगणकावर चालवायचे असेल, तर मात्र जुने कार्ड पुढे येते, आणि त्याची कारणे वर आलेल्या सूत्रांतच आहेत. ८०० कोटी पॅरामीटरचे (म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांचे) मॉडेल प्रत्येक पॅरामीटरला एक बाइट या दराने साठवले, तर ८ जीबी होते. त्याशिवाय संभाषणाच्या संदर्भासाठी आणखी जागा लागते. ४०६० वर ते मावत नाही, ३०६० वर मावते. मॉडेल लहान करून ६ जीबीवर आणले आणि दोन्हीकडे मावले, तरीही मजकुराचा प्रत्येक पुढचा तुकडा तयार करताना जवळजवळ संपूर्ण मॉडेल मेमरीतून एकदा वाचावे लागते. ६ जीबीपुढे २४ एमबीची कॅश नगण्य असल्यामुळे इथे केवळ कच्ची बँडविड्थ मोजली जाते: ३६० भागिले ६ म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ६० तुकडे, आणि २७२ भागिले ६ म्हणजे सुमारे ४५. प्रत्यक्षातले आकडे या कमाल मर्यादेच्या खालीच राहतात, पण कोण पुढे हे बदलत नाही. गेममध्ये जी कमतरता कॅशने झाकली होती, ती या कामात उघडी पडते.

विजेचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. वीस टक्के अधिक काम आणि ११५ वॅट विरुद्ध १७० वॅट, म्हणजे प्रत्येक वॅटमागे नवे कार्ड पावणेदोनपट काम करते. लहान कॅबिनेटमध्ये, साध्या पॉवर सप्लायवर किंवा दिवसभर चालणाऱ्या संगणकात हा फरक उष्णता, पंख्याचा आवाज आणि वीजबिल या तिन्ही रूपांनी जाणवतो.

शेवटी नावाची खात्री करणे फार महत्त्वाचे आहे, कारण इथवर केलेला सारा हिशेब एका विशिष्ट कार्डाचा आहे आणि तेच नाव दुसऱ्या कार्डावरही असू शकते. ३०६० ची एक ८ जीबीची आवृत्तीही आली. तिच्यात कोअर तेवढेच, ३,५८४, पण मेमरीचा मार्ग १२८ बिटांचा आणि बँडविड्थ २४० जीबी आहे. म्हणजे जुन्या कार्डाचे जे दोन भक्कम गुण, तेच तिच्यात नाहीत. लॅपटॉपमध्ये तर नावाचा आधार आणखी कमी होतो. लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ३,८४० कोअर आहेत, पण मेमरी ६ जीबी. आणि लॅपटॉपच्या ४०६० ला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा निर्मात्याला असते. त्यामुळे एकच नाव, तेवढेच कोअर आणि तेवढीच मेमरी असलेले दोन लॅपटॉप वेगात बरेच दूर असू शकतात. अशा वेळी लॅपटॉपच्या तपशिलात ग्राफिक्सला दिलेले वॅट शोधावेत, आणि ते छापलेले नसतील, तर त्याच मॉडेलची चाचणी मिळेपर्यंत कोअर आणि जीबी यांच्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये.